इंजिनाची तहान

(मोटार पेट्रोल किंवा डिझेलवर चालते, हे सर्वांना ठाऊक असते. पण इंजिन नीट चालण्यासाठी पाणीही तितकेच जरुरीचे असते, हे गाडी रस्त्यात बंद पडेपर्यंत अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडीचे रेडिएटर काय काम करते, त्याची काळजी कशी घ्यावी आणि ते बदलण्याची वेळ आली तर काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथला कधी गेला आहात का? वैद्यनाथाच्या मंदिरामुळे हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. गावाची दुसरी ओळख म्हणजे तेथील औष्णिक वीज केंद्र. १९७१ साली तेथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे आणि त्यानंतर २५० मेगावॅटचे मोठे संच उभे राहिले. केंद्र चालू असताना उंच धुराड्यांतून धूर निघतो आणि जवळच्या रुंद मनोऱ्यांतून पांढरे ढग बाहेर पडतात. नवख्या माणसाला तोही धूरच वाटतो. पण तो धूर नव्हे. ते शीतक मनोरे, आणि त्यांतून बाहेर पडते ती पाण्याची वाफ.

कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, त्या वाफेने चक्र फिरवायचे आणि वीज तयार करायची, हे वीज केंद्राचे काम. परंतु चक्र फिरवून झालेली वाफ पुन्हा थंड करून तिचे पाणी करावे लागते. ती थंड करण्यासाठी दुसरे पाणी लागते, आणि ते दुसरे पाणी तापले की त्यालाही थंड करावे लागते. त्यासाठीच हे मनोरे. गोदावरी नदीवरील खडका बंधाऱ्यातून या केंद्राला पाणी मिळते. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला. बंधाऱ्यात पाणी उरले नाही. तेव्हा परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा आणून टाकता येतो. पण उष्णता वाहून नेणारे पाणी नसेल, तर एवढे मोठे केंद्रही एक दिवस चालू शकत नाही.

आता परळीच्या बसस्थानकाजवळ उभ्या असलेल्या एखाद्या जीपकडे पाहा. तिच्या पुढच्या जाळीमागे वीज केंद्रातल्या त्या मनोऱ्याचा एक लहान भाऊ बसलेला आहे. त्याचे नाव रेडिएटर.

गाडीच्या इंजिनात इंधनाचा भडका उडतो. भडक्याच्या क्षणी आतल्या वायूचे तापमान सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसपर्यंत चढते. लोखंड सुमारे दीड हजार अंशांना वितळते, आणि ॲल्युमिनिअम तर त्याच्याही निम्म्या तापमानाच्या आतच. मग इंजिन वितळत का नाही? एक तर भडका क्षणभरच टिकतो. आणि दुसरे म्हणजे सिलिंडरच्या भोवती पोकळ जागा ठेवलेली असते व तीमधून पाणी सतत खेळत असते. इंधन जाळून मिळालेल्या उष्णतेचे ढोबळ मानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाके फिरवतो. एक धुराबरोबर बाहेर जातो. उरलेला जवळजवळ एक वाटा या पाण्याला बाहेर न्यावा लागतो. म्हणजे गाडी पळवायला जितकी उष्णता कामी येते, जवळपास तितकीच उष्णता फेकून द्यावी लागते. डिझेलला पैसे मोजणाऱ्या माणसाला हे ऐकून वाईट वाटेल. पण यंत्राचा स्वभावच तसा आहे.

हे पाणी कसे फिरते ते पाहू. इंजिनाला जोडलेला एक छोटा पंप पाण्याला ढकलतो. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीतून रेडिएटरमध्ये येते. या नळीला गॅरेजमध्ये होज पाइप म्हणतात. रेडिएटरमध्ये चपट्या, बारीक नळ्यांच्या ओळी असतात आणि त्यांच्यामध्ये धातूची पातळ, वळ्यावळ्यांची पाती बसवलेली असतात. मिस्त्री लोक या साऱ्या भागाला ‘जाळी’ म्हणतात. नळ्यांतून पाणी उतरते, पात्यांमधून वारा जातो, आणि पाण्याची उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन होते. थंड झालेले पाणी खालच्या नळीतून पुन्हा इंजिनात जाते. गाडी वेगात असली की वारा आपोआप लागतो. गाडी उभी असली किंवा चढावर हळू चालली असली, तर मागचा पंखा वारा ओढतो.

वाटेत एक पहारेकरीही बसवलेला असतो. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. सकाळी इंजिन गार असते तेव्हा हा दरवाजा बंद राहतो आणि पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरते, म्हणजे इंजिन लवकर तापते. होय, इंजिनाला काही प्रमाणात तापायलाही हवे! गार इंजिन इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते. पाणी सुमारे ८० ते ९० अंशांवर आले की थर्मोस्टॅटमधील मेण वितळून फुगते, दरवाजा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. काही चालक ‘उन्हाळ्यात याची काय गरज?’ असे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. हा शहाणपणा नव्हे.

रेडिएटरचे झाकण तर दिसायला अगदी साधे असते, पण सर्वांत जास्त अपघात त्याच्यापाशीच होतात. तुमच्या घरी कुकर असेल. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याहून जास्त तापते. रेडिएटरचे झाकणही तेच काम करते. त्याच्या आत एक स्प्रिंग व रबराची चकती असते. ते दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी ११५-१२० अंशांपर्यंतही उकळत नाही. आता विचार करा, असे पाणी कोंडलेले असताना कोणी झाकण फिरवले तर काय होईल? दाब एकदम जातो. जे पाणी उकळत नव्हते ते एका क्षणात उकळते आणि वाफेसह कारंज्यासारखे वर उडते. समोर माणसाचा हात असतो, आणि बहुधा तोंडही, कारण तो वाकून पाहत असतो.

समजा, मे महिना आहे. तुमच्या दादीची प्रकृती बिघडली आहे आणि तिला आंबेजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचे आहे. मामूंनी जीप काढली. परळी सोडली की आंबेजोगाईकडे जाताना बालाघाटाचा चढ लागतो. जीपमध्ये माणसे भरपूर, ऊन कडक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. निम्मा चढ चढल्यावर काट्याकडे कोणाचे लक्ष नसते. तो लाल खुणेकडे सरकत असतो. मग बॉनेटखालून वाफ येते. “गाडी गरम झाली!” असे म्हणत मामू उतरतात. गडबड असते. दादी मागे कण्हत असते. अशा वेळी हात आपोआप झाकणाकडे जातो.

तुम्ही तेथे असाल तर मामूंचा हात धरा. लहानांनी मोठ्यांना थांबवणे आपल्याकडे बेअदबी समजली जाते. पण येथे थांबवाच. गाडी कडेला घ्या, एअर कंडिशनर असेल तर बंद करा, इंजिन बंद करा. वाफेचा जोर ओसरला की बॉनेट जपून उघडा आणि दूर उभे राहा. निदान अर्धा तास थांबावे लागेल. तोपर्यंत मागून येणारी एस.टी. किंवा दुसरी जीप थांबवून दादीला पुढे पाठवता येईल. तेच जास्त शहाणपणाचे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिकाही बोलावता येते.

वरची रबरी नळी हाताला सोसेल इतकी निवली, की झाकणावर जाड फडके ठेवून ते थोडेसेच फिरवा. ‘फुस्स’ असा आवाज येईल. तो पूर्ण थांबल्यावरच झाकण दाबून पुरते काढा, आणि तोंड बाजूला ठेवा. पाणी घालायचे तेही एकदम बादलीभर नव्हे. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले तर त्याला तडा जातो. तापलेल्या काचेच्या पेल्याचे जे होते तेच. इंजिन चांगले निवू द्या, मग थोडे थोडे पाणी घाला. आणि दुर्दैवाने कोणाचा हात भाजलाच, तर त्यावर टूथपेस्ट, शाई किंवा तेल लावू नका. साधे गार पाणी वीस मिनिटे हातावर सोडत राहा, अंगठी किंवा बांगडी असेल तर सूज येण्यापूर्वी काढा आणि डॉक्टरांकडे न्या.

न थांबता तसेच पुढे गेले तर? पुष्कळ जण जातात. ‘आता चढ संपतोच आहे’ असे त्यांना वाटते. इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, उष्णतेने वाकते. त्याखालचे गॅस्केट जळते. पाणी इंजिनाच्या तेलात मिसळते, आणि तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसतो. ज्याच्या जीपवर घर चालते, त्याच्या दृष्टीने इंजिन जाणे म्हणजे घराचा आधारच जाणे होय.

गाडीची ही तहान नवी नाही. जर्मनीत १८८६ साली कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीला आजच्यासारखे रेडिएटर नव्हते. पाणी तापून त्याची वाफ होई आणि ती उडून जाई. १८८८ साली त्यांची पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्या मोटारीने मानहाइमहून फोर्त्झहाइमला गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. मुले साधारण तुमच्याच वयाची होती. वाटेत पाणी संपे, की जेथे मिळेल तेथून ते आणून इंजिनात ओतावे लागे. मोटारीचा जगातील तो पहिला लांबचा प्रवास मानला जातो. आणि त्यातला बराच वेळ पाणी भरण्यात गेला असावा! पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखे रेडिएटर तयार केले. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. वाऱ्याला भरपूर जागा मिळाली आणि थोड्या पाण्यात काम भागू लागले. आजच्या गाडीचे रेडिएटर याच कल्पनेवर चालते. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चांगल्या गाडीला रोज पाणी लागत नाही. रोज पाणी घालावे लागत असेल तर ते कोठे तरी गळते आहे.

आपल्या भागात रेडिएटरचा एक खास शत्रू आहे. तो म्हणजे बोअरचे पाणी. मराठवाड्यातील काळ्या खडकातून वर येणाऱ्या पाण्यात पुष्कळ ठिकाणी क्षार अधिक असतात. असे पाणी जड म्हणून ओळखले जाते; त्यात साबणाला नीट फेस येत नाही. अंघोळीचे पाणी तापवण्याचा बंब आतून पाहा. तळाशी व कडेने पांढरा, खरबरीत थर दिसेल. हाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही चढतो. आधी नळ्या अरुंद होतात, मग बुजतात. शिवाय हा थर उष्णतेला अडवतो. पाणी भरलेले असते, पंखा फिरतो, तरी गाडी गरम होते आणि मालक चक्रावून जातो.

म्हणून रेडिएटरमध्ये साधे पाणी न घालता कूलंट घालतात. हे एक द्रव्य असून त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायने असतात. ते शुद्ध म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळायचे असते. बॅटरीत घालतात तेच हे पाणी. पुष्कळ गाड्यांना दोन्ही निम्मे निम्मे घेतात. काही डब्यांत ते आधीच मिसळलेले मिळते, मग त्यात आणखी पाणी घालायचे नसते. कूलंट थंड प्रदेशात पाणी गोठू देत नाही. परळीत पाणी गोठण्याची भीती नाही, हे खरे. पण त्यामुळे उकळण्याचे तापमान वाढते आणि गंज धरत नाही, हे आपल्या उपयोगाचे. हिरवे, लाल, निळे असे निरनिराळे कूलंट मिळतात. रंग पाहून खरेदी करू नका. गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल तेच घ्या, आणि दोन जातींचे एकत्र मिसळू नका. किती दिवसांनी बदलायचे तेही पुस्तिकेतच दिलेले असते. मात्र अडचणीच्या वेळी रस्त्यात कूलंट नसेल तर पिण्याचे स्वच्छ पाणी घालून घर गाठावे. गाडी जाळण्यापेक्षा ते बरे. नंतर ते काढून टाकायला विसरू नये.

कूलंटविषयी एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. ते चवीला गोडसर असते आणि विषारी असते. जमिनीवर सांडलेले कूलंट कुत्री चाटतात आणि मरतात. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेले कूलंट एखादे लहान मूल सरबत समजून पिऊ शकते. म्हणून ते त्याच्या मूळ डब्यातच, उंचावर ठेवावे.

आता रोजची काळजी. ही कामे तुम्हीही मोठ्यांच्या देखरेखीखाली करू शकता. सकाळी, इंजिन गार असताना, प्लॅस्टिकच्या टाकीवरील दोन खुणांच्या मध्ये पाणी आहे का ते पाहा. गाडीखालच्या फरशीवर ओल दिसते का पाहा. रबरी नळ्या दाबून पाहा. त्या फार मऊ पडल्या असतील, फुगल्या असतील किंवा त्यांना चिरा गेल्या असतील तर बदलायला हव्यात. जुन्या जीपमध्ये पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद असताना तो पट्टा मधोमध अंगठ्याने दाबावा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक. फार लोंबत असेल तर तो घसरतो आणि पंखा व पंप दोन्ही मंद होतात. नव्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो. तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून त्यात बोटे घालू नका.

जाळीच्या बाहेरची बाजू लोक विसरतात. ज्वारी-कापसाच्या दिवसांत रस्त्यावर भुस्कट उडते, किडे येऊन आदळतात, धूळ बसते. पात्यांमधली वाट बंद झाली की वारा जाणार कोठून? इंजिन गार झाल्यावर आतून बाहेरच्या दिशेने, म्हणजे इंजिनाकडून समोर, हलक्या धारेने पाणी मारावे. जोराच्या धारेने ती नाजूक पाती वाकतात, आणि साफ करण्याऐवजी आपण त्यांना कायमचे बंद करून बसतो.

रेडिएटरला बारीक भोक पडले की जुने चालक त्यात हळद टाकतात. हळद फुगून भोकात बसते आणि गळती थांबते. गंमत अशी की ही युक्ती खरोखर चालते! पण हळदीला भोक कोणते आणि नळी कोणती हे कळत नाही. ती दोन्ही बुजवते. घाटातून गावापर्यंत पोहोचण्यासाठी हळद ठीक आहे. पण महिनोन्महिने हळदीवर गाडी चालवणारे लोक शेवटी नवे रेडिएटर विकत घेतात.

मिस्त्रीकडे गेल्यावर तो आधी विचारतो, “जाळी पितळेची की ॲल्युमिनिअमची?” तुम्ही गॅरेजमध्ये थोडा वेळ उभे राहा. पुर्जा, दुरुस्त, खराब, कारागीर, उस्ताद हे शब्द तुमच्या कानांवर पडतील. उर्दूतून शिकणाऱ्या तुम्हांला ते परके वाटणार नाहीत. मराठीतही ते शेकडो वर्षांपासून नांदत आहेत. जुन्या गाड्यांची रेडिएटर तांब्या-पितळेची असत. कारागीर त्यांची वरची टाकी तापवून सोडवतो, बुजलेल्या नळ्यांतून पातळ चपटी सळई घालून क्षार काढतो आणि टाकी कथलाने पुन्हा झाळून बसवतो. गळणारी नळीही झाळता येते. नव्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनिअमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. ती वजनाला हलकी व स्वस्त, पण प्लॅस्टिकला तडा गेला की बहुतेक वेळा सगळे रेडिएटरच बदलावे लागते.

ते कसे बदलतात? गाडी सपाट जागी उभी करतात आणि पूर्ण गार होऊ देतात. बॅटरीची ऋण तार सोडतात, म्हणजे पंखा सुरू होण्याची भीती उरत नाही. खाली घमेले ठेवून तळाची चावी किंवा खालची नळी सोडून पाणी काढून घेतात. हे पाणी गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्याचे कारण वर आलेच आहे. मग वरची नळी सोडवायची. ती जुनी झाली की तोटीला घट्ट चिकटते. नवशिका मुलगा ती पिळून ओढतो आणि प्लॅस्टिकची तोटीच मोडतो. उस्ताद मात्र नळीला लांबीच्या बाजूने चीर देतो आणि ती सालीसारखी उलगडून काढतो. नळी तशीही नवीच घालायची असते. मग पंखा व त्याभोवतीचे आवरण काढायचे, कडेचे बोल्ट सोडायचे आणि रेडिएटर सरळ वर उचलायचे. काही गाड्यांत समोर एअर कंडिशनरची जाळी असते. तिच्या नळ्यांना हात लावायचा नाही, कारण त्यांत दाबाखाली वायू असतो.

नवे रेडिएटर लगेच बसवू नये. जुन्याशेजारी ते उभे करून पाहावे. उंची, तोट्यांच्या जागा, बोल्टची भोके, सारे जुळते ना? दुकानदाराने चुकीचे दिले असेल तर ते येथेच कळते; बसवल्यावर परत करणे अवघड. खालच्या रबरी गाद्या जागेवर आहेत का पाहावे, नाहीतर खड्ड्यांच्या हादऱ्याने नवी जाळीही तडकते. नव्या नळ्या, नव्या क्लिपा आणि शक्यतो झाकणही नवेच घ्यावे. शेकडो रुपयांच्या झाकणाची काटकसर हजारो रुपयांचे इंजिन घालवू शकते.

शेवटचे काम सर्वांत संथ, आणि घाई करणारे येथेच चुकतात. कूलंट हळूहळू ओतायचे, कारण आत हवा अडकते. हवेचा मोठा बुडबुडा राहिला तर पाणी फिरत नाही आणि नवे रेडिएटर बसवूनही गाडी गरम होते. पुष्कळ गाड्यांत इंजिन गार असतानाच झाकण उघडे ठेवून ते सुरू करतात आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबतात. वरची नळी तापू लागली की तो उघडला असे समजायचे. बुडबुडे बाहेर येतात, पातळी खाली जाते, पुन्हा थोडे ओतायचे. बुडबुडे थांबले की झाकण लावायचे. मग जवळपास एक फेरी मारून गाडी रात्रभर उभी ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामू बॉनेट उघडतात. टाकीतले पाणी बोटभर उतरले आहे; ते भरतात. गाडीखाली फरशी कोरडी आहे. दादीला पुन्हा तपासणीसाठी आंबेजोगाईला न्यायचे आहे. तुम्ही पुढे, मामूंच्या शेजारी बसा. गावाबाहेर आल्यावर वीज केंद्राचे मनोरे दिसतील. चढ सुरू झाला की त्यांच्याकडे न पाहता समोरच्या काट्याकडे पाहा. दुसरा गिअर, ऊन, भरलेली जीप. काटा मध्यावर येऊन थांबला आहे.

शब्दार्थ

संच – यंत्रांचा जोडलेला समूह. धुराडे – धूर बाहेर जाण्याचा उंच नळ. ढोबळ मानाने – साधारणपणे, अंदाजाने. बेअदबी – अनादर. ऊर्ध्वपातित पाणी – वाफ करून पुन्हा थंड केलेले शुद्ध पाणी. भुस्कट – वाळलेल्या काडीकचऱ्याचा चुरा. कथील – भांड्यांना कल्हई करण्यासाठी वापरतात तो धातू. झाळणे – वितळलेल्या धातूने सांधणे.

स्वाध्याय

१. २०१३ व २०१५ साली परळीचे वीज केंद्र का बंद ठेवावे लागले?
२. रेडिएटरचे झाकण आणि घरातील कुकर यांत कोणते साम्य आहे? तुमच्या शब्दांत लिहा.
३. कारण सांगा : रेडिएटरमध्ये हळद टाकणे हा कायमचा उपाय नव्हे.
४. घाटात गाडी गरम झाली आहे आणि चालक झाकण उघडायला निघाला आहे. तुम्ही त्याला काय सांगाल? चार-पाच वाक्यांत संवाद लिहा.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
६. जवळच्या गॅरेजला भेट द्या. तेथे कोणत्या पाण्याने रेडिएटर भरतात, ते विचारा आणि वर्गात सांगा.